‘पैल’ म्हणजे मरण, हे कधीपासून?

काठावरची :

नमस्कार मंडळी. प्रश्न एका शब्दाचा आहे, पण थोडं घरचं सांगितल्याशिवाय तो नीट मांडता येणार नाही.

मी डीटीपी करते. लग्नपत्रिका, बारशाच्या पत्रिका, हॉटेलांची मेनूकार्डं आणि महिन्याला दहा-बारा शोकपत्रं. शोकपत्राची एक फाइल तयारच असते. नाव, तारीख, गाव बदलायचं आणि प्रिंटला पाठवायचं. त्यातलं एक वाक्य माझ्या आधीच्या ऑपरेटरपासून चालत आलंय : ‘दि. ---- रोजी त्यांनी पैलतीर गाठला.’ नोकरीला लागले तेव्हा मी त्यात एवढीच दुरुस्ती केली की ‘गाठला’चं ‘गाठलं’ केलं. नदीचं तीर नपुंसकलिंगी. ‘तीर गाठला’ म्हटलं की कुणीतरी धनुष्यातून सुटलेल्या बाणामागे धावतंय असं वाटतं. त्या पलीकडे मी त्या शब्दाकडे कधी पाहिलं नव्हतं.

गेल्या वर्षी माझी आजी गेली. आता वर्षश्राद्धाला घरचे तिच्यावर सोळा पानांची पुस्तिका काढतायत, फोटो आणि नातवंडांच्या आठवणी वगैरे. काम अर्थात माझ्याकडे. चुलतभावाने पहिल्या पानाचा मजकूर पाठवला, त्यात पहिलीच ओळ : ‘आमची आजी पैलतीरी विसावली.’

आणि मला एकदम हसूच आलं. शोभत नाही, पण आलं.

आजीचं सासर भिलवडी, माहेर अंकलखोप. मध्ये कृष्णा. नकाशात बघाल तर समोरासमोर. लग्न झालं तेव्हा ती नावेतून सासरी आली होती. तिच्या तोंडी हा शब्द रोजचा होता, फक्त ती ‘पैलतीर’ म्हणायची नाही, ‘पैलथडी’ म्हणायची. ‘पैलथडीला जाऊन येते’ म्हणजे माहेरी जाऊन येते. ‘पैलथडीचा गूळ’ म्हणजे तिच्या भावाच्या गुऱ्हाळातला, इतरांपेक्षा चांगला (हे तिचं मत, आजोबांचं नव्हे). पावसाळ्यात ओट्यावर उभी राहून नदीकडे बघायची आणि आत ओरडायची, ‘अगं, पैलथडीला पाऊस लागला, धुणं काढ!’ मग आम्ही पोरी दोरीकडे धावायचो. पाचेक मिनिटांत सर नदी ओलांडून आमच्या पत्र्यावर वाजायला लागायची. तिचा अंदाज चुकलेला मला आठवत नाही.

तर आजी पैलतीरी विसावली म्हणजे माझ्या डोळ्यांपुढे येतं ते असं, की ती माहेरी गेलीय, भावजयीशी कशावरून तरी धुसफूस झालीय आणि दोन दिवसांत परत येणार आहे.

भावाला हे सांगितलं. तो म्हणाला, ‘ताई, तू फार शब्दात अडकतेस. सगळे असंच लिहितात.’ सगळे असंच लिहितात हे खरंच. ती फाइल माझ्याच कॉम्प्युटरवर आहे.

माझे प्रश्न असे. १) ‘पैल’चा मरणाशी संबंध जुन्या साहित्यात आहे का, की हे छापखान्यांतून आलंय? २) शाळेत शिकलेलं ‘पैल तो गे काऊ’ आणि ‘औदुंबर’ एवढंच मला आठवतं, आणखी कुठे हा शब्द आलाय? ३) ‘पैल’ आहे तर ‘ऐल’ कुठे गेला? ऐलतीरावर कुणी काही करताना मी आजवर एकाही मजकुरात टाइप केलेलं नाही.

पुस्तिका तीन आठवड्यांनी छापायला जायचीय. मदत करा.

पानगळ :

ताई, भिलवडीच्या समोर म्हणजे तुमच्या आजीचं माहेर औदुंबराच्या शेजारीच की! मग तुम्हाला दुसरीकडे शोधायची गरजच काय? बालकवींनी तुमच्याच गावावर लिहून ठेवलंय,
‘ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेऊन
निळासांवळा झरा वाहतो बेटाबेटांतुन.’
ऐल पण आला, पैल पण आला. प्रश्न मिटला.

काठावरची :

@पानगळ, धन्यवाद, पण हा घोटाळा आमच्याकडे प्रत्येक पाहुणा करतो. कृष्णाकाठचं औदुंबर हे दत्ताचं क्षेत्र, समोरच्या काठावर भुवनेश्वरी. बालकवींच्या कवितेतला औदुंबर म्हणजे झाड. ठोंबरे धरणगावचे, खानदेशातले. औदुंबरला साहित्याचं नाव आहे ते वेगळ्या कारणाने : कवी सुधांशु तिथलेच, आणि दर संक्रांतीला तिथे सदानंद साहित्य संमेलन भरतं, १९३९ पासून. आजी आम्हाला त्याला न्यायची. भाषणांना नाही, तीळगुळाला आणि नावेत बसायला.

पण तुमच्यामुळे कविता पुन्हा काढून वाचली. आठच ओळी. त्यात ‘पैल’ दोनदा आहे हे माझ्या लक्षातच नव्हतं! पहिल्या ओळीत ‘पैल तटावर’ आणि तिसऱ्या ओळीत ‘चार घरांचे गांव चिमुकले पैल टेकडीकडे’. दुसऱ्या ‘पैल’ला नदी नाही, काठ नाही, टेकडी आहे. म्हणजे ‘पैल’ला पाणी लागतंच असं नाही?

जुनी वही :

काठावरची ताई, तुम्ही शेवटी जे विचारलंत तिथेच खरी गोम आहे. मी पस्तीस वर्षं मराठी शिकवली, आता अंबाजोगाईला घरी असतो. हा शब्द माझा आवडता आहे, तेव्हा उत्तर लांबणार. चहा घेऊन बसा.

‘पैल’ला पाणी लागत नाही. ‘पैल’ म्हणजे नुसतं ‘पलीकडे, तिकडे’. आपण दिवसातून वीसदा म्हणतो ते ‘पलीकडे’ म्हणजे जुन्या मराठीतलं ‘पैलीकडे’, आणि ‘अलीकडे’ म्हणजे ‘ऐलीकडे’. मोल्सवर्थच्या कोशात ही रूपं सापडतील. म्हणजे तुमचा ‘ऐल’ कुठे गेलेला नाही, तो ‘अलीकडे’त लपून बसलाय. गंमत अशी की तिथे बसल्या बसल्या त्याने धंदा बदलला. ‘अलीकडे झोप लागत नाही’ यात जागा कुठे आहे? काळ आहे. ऐलतीर म्हणजे आपला काठ, तो आपला ‘आत्ता’ झाला. ‘पलीकडे’ मात्र मुख्यतः जागेलाच चिकटून राहिला. त्याला काळ दाखवायचा तर ‘पलीकडच्या आठवड्यात’ असं जोडकाम करावं लागतं.

आता साहित्य. ‘पैल तो गे काऊ कोकताहे’ हे मी दरवर्षी शिकवायचो आणि दरवर्षी वर्गात विचारायचो, कावळा कुठे बसलाय? निम्मा वर्ग म्हणायचा, ‘सर, पैलतीरावर.’ गाण्याच्या चालीमुळे असेल, पण सगळ्यांना तिथे नदी दिसते, धुकं दिसतं, एक हुशार मुलगी तर म्हणाली, ‘सर, मृत्यूच्या काठावर.’ (कावळा म्हटल्यावर तिला पिंड आठवला असणार. तिची चूक नाही.)

पण अभंग पुढे वाचा. बाई त्या कावळ्याला म्हणते, ‘दहिंभाताची उंडी लावीन तुझे तोंडीं.’ मग दुधाची वाटी भरून ओठाला लावीन म्हणते. अहो, नदीपलीकडच्या कावळ्याच्या तोंडाला दहीभाताची उंडी कशी लावणार? तो कावळा फार तर अंगणाच्या कडेला, शेजारच्या भिंतीवर आहे. ‘पैल तो गे काऊ’ म्हणजे ‘तो बघ गं, तिकडे कावळा ओरडतोय.’ बोट दाखवणारा शब्द आहे तो. आणि कावळा ओरडतोय म्हणजे काय? पाहुणा येणार. कोण पाहुणा? ‘पाहुणे पंढरीराऊ.’ विठ्ठल घरी येणार. जाणं कुणाचंच नाही.

दुसरं उदाहरण याहून मोठं. तुकोबांचा निर्वाणाचा म्हणून म्हटला जाणारा अभंग : ‘पैल आले हरि । शंख चक्र शोभे करीं ॥’ इथे तरी मरणाचा प्रसंग आहे, बरोबर? मग ‘पैल’ म्हणजे जिथे तुकोबा जाणार ती जागा असायला हवी. पण तसं नाही. ‘पैल आले हरि’ म्हणजे ते पाहा, तिकडे हरी आले. गरुड पंख फडफडत येतोय, ‘ना भी ना भी’, भिऊ नको भिऊ नको, म्हणतोय. आणि शेवटी तुकोबा काय म्हणतात? ‘घरा आलें वैकुंठपीठ.’ वैकुंठच घरी आलं! एवढ्या जाण्याच्या प्रसंगातसुद्धा माणूस पैल जात नाहीये, पैलचा देव ऐल येतोय.

माझं मत विचाराल तर या दोन अभंगांतला ‘पैल’ आणि तुमच्या आजीचा ‘पैलथडीला पाऊस लागला’ हे एकच आहेत. पैल ही जाण्याची जागा नाही, येण्याची दिशा आहे. तिकडे काहीतरी दिसलं की इकडे तयारी करायची. आजीने धुणं काढायला सांगितलं, अभंगातली बाई दहीभात कालवायला निघाली.

तुमच्या भावावर अन्याय नको म्हणून दुसरी बाजूही सांगतो. नदी ओलांडून पलीकडे जाणं ही कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. भवनदी, सद्गुरू नावाडी, पैलपार, हे कीर्तनात शेकडो वर्षं आहे. गरुडपुराणात वैतरणी आहे, मेलेल्याला ती पार करावी लागते, म्हणून गाय दान करायची. माझ्या लहानपणी घरात कुणी गेलं की दहा दिवस ते पुराण लावायचे आणि आम्ही पोरं वैतरणीच्या वर्णनाला पांघरुणात शिरायचो. तेव्हा ‘पैलतीरी गेले’ हे काही छापखान्याने हवेतून काढलेलं नाही. पण फरक बघा. संतांच्या पैलपाराला माणूस साधनेने जातो. तो मुक्तीचा काठ आहे, आणि जिवंतपणीही गाठता येतो. शोकपत्रातला पैलतीर मात्र सरसकट सगळ्यांना मिळतो, माझ्या वर्गात चार वर्षं एकाच बाकावर झोपा काढलेल्यालासुद्धा.

आता तुमचा तिसरा प्रश्न, ऐलतीराचा. त्याचं उत्तर ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात आहे आणि ते माझ्या मते सगळ्या मराठीतलं या शब्दाचं सर्वांत सुंदर ठिकाण आहे. गीतेत श्लोक आहे ‘दैवी ह्येषा गुणमयी मम माया दुरत्यया’, माझी माया तरून जायला कठीण. त्यावर ज्ञानदेव मायेची अख्खी नदी उभी करतात. पूर, भोवरे, मगरी, सगळं. मग ती तरायला निघालेल्यांची फजिती. कुणी आपल्या बुद्धीच्या बाहूंनी पोहायला गेला तो बुडाला. कुणी वेदांची सांगड बांधली पण सोबत अहंकाराचे धोंडे घेतले. एकेकाची गत वाचताना हसू येतं आणि आपलीच ओळखही पटते. इतकं झाल्यावर वाचक वाट बघतो की आता जो तरला त्याने पलीकडे जाऊन काय पाहिलं ते सांगतील. आणि ओवी येते :

‘येथ एकचि लीला तरले । जे सर्वभावें मज भजले ।
तयां ऐलीच थडी सरलें । मायाजळ ॥’

ऐलीच थडी! जे सर्वभावाने भजले त्यांना पोहावंच लागलं नाही. अलीकडच्या काठावर असतानाच पाणी संपलं. पैलतीर राहिलाच नाही, कारण मध्ये नदीच नाही. तीसेक ओव्या नदी चढवत न्यायची आणि एका ‘ऐलीच’मध्ये ती आटवायची. मी ही ओवी शिकवताना पुढचा तास घ्यायचो नाही.

तेव्हा ऐलतीरावर काय होतं असं पुन्हा कुणी विचारलं तर सांगा, तिथे पाणी सरतं.

काठावरची :

सर, मी हे ऑफिसात वाचलं आणि पाच मिनिटं स्क्रीनकडे नुसती बघत बसले. समोर एका हॉटेलचं मेनूकार्ड उघडं होतं.

‘थडी’ बघून आणखी बरं वाटलं. आम्हाला घरी वाटायचं की पैलथडी हा आजीचा गावंढळ शब्द आणि पैलतीर हा शुद्ध. ज्ञानदेवांच्या तोंडी थडीच आहे. राज्यगीतात तर आपण सगळे उभं राहून म्हणतो, ‘भीमथडीच्या तट्टांना या यमुनेचे पाणी पाजा’. तिथे कुणी ‘भीमतीराच्या’ म्हणत नाही.

आणि सांगड! आमच्याकडे पोहायला शिकवताना पाठीला वाळलेला भोपळा बांधायचे. दोन भोपळे एकत्र बांधले की त्याला सांगड म्हणायचे आजोबा. ‘मेळ घालणे’ या अर्थाची ‘सांगड घालणे’ मी आजवर हजारदा टाइप केली असेल, भोपळे एकदाही आठवले नाहीत.

मांडवीकार :

गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे हा शब्द अजून नदीवरच आहे, पुस्तकात गेलेला नाही. कोंकणीत ‘पलतड’ आणि ‘अलतड’. ‘हांव पलतडी वतां’ म्हणजे मी नदीपलीकडे जातोय, फेरीबोट धरून. तुमची थडी, आमची तड, दोघींचं मूळ तट.

याचं साहित्यातलं उदाहरण तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय, फक्त शब्द कळला नसेल. ‘हांव सायबा पलतडी वयतां, दामूल्या लग्नाक वयतां’ ही आमची देखणी, म्हणजे गोव्यातलं नाचाचं गाणं. नाचणाऱ्या मुलीला दामूच्या लग्नाला पलीकडच्या काठावर जायचंय, वाट ठाऊक नाही, ती नावाड्याला विनवतेय, अंगावरचे दागिने काढून देतेय, आणि तो म्हणतोय मला नको गं नको. १९७३ च्या ‘बॉबी’त ‘ना मांगूं सोना चांदी’मध्ये जे ‘घे घे घे घे रे सायबा’ आहे ते यातलंच. तेव्हा आमच्या पलतडीला लग्न आहे, नाच आहे, जेवण आहे. मरण नाही.

१९८६च्या जुलैत मांडवीवरचा नेहरू पूल पडला तेव्हा मी शाळेत होतो. घर बार्देसात, शाळा पणजीत. पूल होता तोवर आम्ही ‘पणजी’ म्हणायचो. पूल पडल्यावर बेतीच्या धक्क्यावर रांगेत उभं राहायला लागलो आणि घरातले सगळे पुन्हा ‘पलतड’ म्हणायला लागले. आईने कधी ठरवून शब्द बदलला असेल असं मला वाटत नाही. पाणी मध्ये आलं, शब्द परत आला.

पानगळ :

वरच्या प्रतिसादावरून एक शंका. म्हणजे पूल झाले म्हणून मराठीत ‘पैल’ मेला का? भिलवडीलाही पूल आहेच ना आता?

काठावरची :

आहे. पण आजीने पूल झाल्यावरही पैलथडीच म्हटलं. उलट पूल पाण्याखाली गेला की तिचा आवाज जरा वर व्हायचा, ‘बघा, पैलथडी तुटली’. २०१९ला तर नदी गावातच आली, तेव्हा ऐल कुठलं आणि पैल कुठलं हेच कळेना. त्या आठवड्यात मी तिला हा शब्द वापरताना ऐकलं नाही. गच्चीवर बसून होती नुसती.

हस्ताचा हत्ती :

मी डोंबिवलीची. इतका वेळ कुणी भोंडल्याचं नाव काढेना म्हणून लिहितेय! ‘ऐलमा पैलमा गणेश देवा, माझा खेळ मांडू दे करीन तुझी सेवा.’ पाटावर हत्ती काढायचा, भोवती फेर धरायचा आणि पहिलं गाणं हेच. मी चाळीस वर्षं म्हणतेय आणि अर्थ विचारायची आजपर्यंत हिंमत झाली नाही, कारण विचारलं की कुणीतरी नवाच अर्थ सांगतं. आमच्या सोसायटीतल्या एका काकू ठामपणे सांगतात की ऐलमा म्हणजे यल्लम्मा, देवीचं नाव आहे. मग पैलमा कोण, असं विचारलं तर म्हणतात ती तिची बहीण. 😄 जुनी वही सर, निवाडा करा.

जुनी वही :

निवाडा करणारा मी कोण. यल्लम्मेचा अर्थ मीही ऐकलाय. बहीण मात्र आजच कळली.

माझ्या कानाला ते ऐल माय, पैल माय असं वाटतं. ऐलीकडची आई, पैलीकडची आई, आणि गणेश देव. खेळ मांडण्याआधी दोन्हीकडच्यांना हाक. असं का वाटतं ते सांगतो, पटलं तर घ्या. पुढची ओळ काय? ‘माझा खेळ मांडिला वेशीच्या दारी.’ खेळ मांडलाय कुठे, तर वेशीत. वेस म्हणजे गाव संपतं ती जागा. तिथे उभं राहिलं की एक पाऊल ऐल, एक पैल. अशा जागी फेर धरायचा तर दोन्हीकडच्या आयांची परवानगी घेतलेली बरी.

पण हा माझा कान झाला, पुरावा नव्हे. तुमच्या काकूंना सांगू नका, भांडण माझ्या अंगावर येईल.

एक मात्र नक्की. अख्ख्या मराठीत ‘ऐल’ सर्वांत जास्त वेळा कुणी उच्चारला असेल तर तो परकऱ्या पोरींनी, आश्विनात, खिरापतीकडे डोळा ठेवून.

विश्वामित्रीकाठ :

बडोद्याहून. चार पिढ्या इथेच, घरी मराठी, दारात गुजराती. गुजरातीत ‘पेलो’ म्हणजे ‘तो, तिकडचा’. ‘पेलो माणस’, ‘पेली बाजू’. सरांनी ‘पैल तो गे काऊ’चा अर्थ ‘तो बघ तिकडे कावळा’ असा लावला तो मी वाचला आणि म्हटलं, यात अवघड काय आहे? आम्हाला तो तसाच कळतो. लहानपणी आई ते गाणं म्हणायची, तेव्हा मला वाटायचं ज्ञानेश्वरांनी मध्येच एक गुजराती शब्द घातलाय. ‘पेलो कागडो.’ नदीबिदी माझ्या डोक्यात कधी आलीच नाही.

परदेशातल्या मराठी लोकांचं लेखन छापतात त्या सदरांनाही ‘पैलतीर’ नाव दिलेलं पाहिलंय. माझी मुलगी न्यू जर्सीत आहे. ‘पैलतीरावरून’ अशा शीर्षकाखाली तिचा लेख आला तेव्हा माझ्या सासूबाईंनी पेपर उलटा ठेवला आणि म्हणाल्या, असलं काही छापतात का जिवंत माणसाचं!

हस्ताचा हत्ती :

अगंबाई! सासूबाईंचं बरोबर आहे. शोकपत्रांनी शब्द इतका काळा केलाय की आता पांढऱ्या कामाला तो चालत नाही.

काठावरची :

तीन आठवडे झाले, पुस्तिका छापून झाली. काय केलं ते सांगते, कारण तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत.

पहिल्या पानावरून ‘पैलतीरी विसावली’ काढलं. भाऊ आधी रागावला. मग मी त्याला सरांची तुकोबांवरची ओळ वाचून दाखवली आणि विचारलं, आजी माहेरी गेली असं लिहायचंय का तुला? तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, ‘तसंही चाललं असतं.’ शेवटी साधं ठेवलं. जन्म अंकलखोप, लग्न होऊन भिलवडी, तारखा, बास. नावेतून आली ते एका आत्याने लिहिलंय, तिच्या पानावर आहे.

ज्ञानेश्वरीची ओवी घालायचा मोह झाला. पण घातली नाही. आजीला ज्ञानेश्वरी ऐकून माहीत होती, ती नमस्कार करायची आणि पुढे डाळ निवडायची. तिच्या पुस्तिकेत माझं नवं शहाणपण कशाला.

ऑफिसातल्या फाइलमध्ये मात्र ‘पैलतीर गाठलं’ तसंच आहे. बदलायला हात गेला होता, पण तो मजकूर गिऱ्हाईकाचा, माझा नाही. परवा एक गृहस्थ वडिलांचं शोकपत्र घेऊन आले, त्यांना विचारलं, ‘हे वाक्य ठेवू का?’ ते म्हणाले, ‘ठेवा, चांगलं वाटतं वाचायला.’ ठेवलं.

आणि पुस्तिकेच्या मलपृष्ठावर, सगळं पान कोरं सोडून, खाली डाव्या कोपऱ्यात एकच ओळ टाकली, चौदा पॉइंटमध्ये :

‘अगं, पैलथडीला पाऊस लागला, धुणं काढ!’

काल रात्री काकांचा फोन आला. ते आता मुलाकडे नागपूरला असतात, पुस्तिका कुरिअरने गेली होती. म्हणाले, ‘पोरी, काम छान झालंय. फक्त शेवटच्या पानावर ते धुण्याचं काय आलंय? दुसऱ्या कुणाचा मजकूर घुसलाय का बघ.’ मी काही बोलणार एवढ्यात पलीकडून काकूंचा आवाज आला, ‘अहो, सासूबाई आहेत त्या.’